परसातली नवी फरशी

मंगळवार, संध्याकाळ

परसात फरशी घाला म्हणून वर्षभर मीच ह्यांच्या मागे लागले होते. चिखलाचा वैताग आला होता. काल काम झालं आणि आज दिवसभर तांबडी कोंबडी फरशी उकरत बसलीय. खर्र, खर्र. मातीत लोळायची तशीच आडवी होऊन पंख झाडते, पण अंगावर धुळीचा कण उडत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "सांग तिला, तुला चिखल आवडत न्हाई म्हनून." असा राग आला! पण खोटं काय बोलल्या?

आता कोंबड्या खुराड्यात गेल्यात, तरी ते खर्र खर्र कानातून जात नाही. एक फरशी काढू का? ह्यांना विचारलं तर म्हणतील, तूच घालायला लावलीस. मग विचारूच नये. पहार शोधायला उठले, तर सासूबाईंनी ती आधीच मागच्या दाराशी आणून ठेवलेली.