माझ्याशिवाय विंटर कोट्स

३ ऑक्टोबर २००४, रविवार, नोव्हाय, मिशिगन
विंटर कोट्सचा नवा अल्बम नक्की. अरुणने फोनवर कन्फर्म केलं. सत्तावीस वर्षांनी. श्रीरंग मार्चमध्ये गेला, त्याच्यासाठी करायचाय. आता उरलो तिघे: त्र्यंबक, अरुण आणि मी. डेट्रॉइटला शिकायला आलो तेव्हा चौघांत मिळून दोनच कोट होते, म्हणून ग्रुपचं हे नाव. मराठी पोरं अमेरिकन सोल संगीत गातात म्हणून लोक आधी बघायला यायचे, मग ऐकत बसायचे.
श्रीरंगचा खर्ज हा ग्रुपचा पाया होता. ती जागा आता माझीच. त्र्यंबक विचारेल. मी आधी एकदा नाही म्हणणार.

५ ऑक्टोबर
त्र्यंबकने विचारलं नाही. लाजत असेल. गराजमध्ये खर्जाची प्रॅक्टिस सुरू केली. बायकोने, सुलभाने, गराजमधून घरघर येते म्हणून हीटिंगच्या फर्नेसवाल्याला बोलावलं.

९ ऑक्टोबर, शनिवार
अरुणच्या बेसमेंटमध्ये पहिली तालीम. श्रीरंगच्या ओळी ज्ञानदा गाणार. ज्ञानदा म्हणजे त्याची मुलगी. जन्म इथला, वय सव्वीस. मी शांतपणे विचारलं, मग मी काय करायचं? त्र्यंबक म्हणाला, हेमू, तू तेव्हा करायचास तेच.
म्हणजे टॅम्बरीन. अरुण तिला खंजिरी म्हणतो, आणि हसतो.
येताना हायवेवरची एक्झिट चुकलो. पुढच्या एक्झिटपर्यंत सूड घ्यायचं ठरलं.

१० ऑक्टोबर
सूड सापडला. जुन्या खोक्यात, टॅक्सच्या कागदांखाली. एक कॅसेट. लेबलवर माझं अक्षर: ‘श्रीरंग, १९७७’.
श्रीरंगचं ‘होल्ड माय कोट’ हे गाणं रेकॉर्ड करायचं राहूनच गेलं. त्याचं दुसरं कडवं आज कुणालाच आठवत नाही. ज्ञानदा महिनाभर सगळ्यांना विचारत फिरतेय. वडिलांचा आवाज तिच्याकडे फक्त आन्सरिंग मशीनवर आहे. आम्ही घरी नाही, मेसेज ठेवा, एवढाच.
आणि कडवं माझ्या खोक्यात. आता कोण कुणाला खंजिरी म्हणतं ते बघू.
सुलभा म्हणाली, आधी ऐकून तर बघा. घरातला कॅसेट प्लेअर गराज सेलमध्ये विकला गेला. शिवाय हुकमाचा पत्ता सारखा काढून बघायचा नसतो.

१३ ऑक्टोबर
अटी टाइप केल्या. दुसरं कडवं मी गाणार. कव्हरवर माझा फोटो मधोमध. त्र्यंबकने सगळ्यांसमोर सॉरी म्हणायचं.
सुलभाने वाचल्या. म्हणाली, त्या पोरीला बापाचा आवाज द्यायला अटी? मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, आमटी फ्रिजमध्ये आहे, तुमची तुम्ही गरम करून घ्या.

१६ ऑक्टोबर
तालमीला मुद्दाम गेलो नाही. तिकडे हाहाकार असणार. कुणाचा फोन नाही. हाहाकारात फोन कोण करणार.

१९ ऑक्टोबर
ज्ञानदाचा फोन. हेमूकाका, एनीथिंग अॅट ऑल? मी बघतो म्हणालो. आवाज चांगला खर्जात गेला होता. नेमकं तेव्हा कुणी रेकॉर्ड करत नव्हतं.
शनिवारी अटी सादर करणार. माघार नाही.

२३ ऑक्टोबर, शनिवार
अटी कोटाच्या खिशात होत्या. बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात ज्ञानदाने माझ्या हातातली कॅसेट घेतली, लेबल वाचलं आणि अरुणच्या प्लेअरवर लावली.
माझा आवाज. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.
तेव्हा आम्ही पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवायचो. हे मी विसरलो होतो. त्या कॅसेटमध्ये मी आईला सांगतोय की ग्रुप माझ्या आवाजावर उभा आहे, बाकीचे तिघे मागे आ आ करतात. बरंच सांगतोय. त्र्यंबकने जमिनीकडे बघितलं. त्याचे खांदे हलत होते.
मग श्रीरंग. त्याने माइक ओढून घेतलेला ऐकू येतो. मावशी, थापा मारतोय तुमचा मुलगा, हा खंजिरी वाजवतो. पण हा रुसला की आमचा ताल सुटतो. आत्ता रुसलाय, ऐका.
आणि ‘होल्ड माय कोट’ गायला लागतो. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला ताल सुटतो. श्रीरंग कडवं कसंबसं पूर्ण करतो आणि हसत सुटतो. टेप संपते.
मी ती कॅसेट पोस्टात टाकलीच नव्हती. लेबलवर श्रीरंगचं नाव का घातलं तेही आठवलं. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून. तेव्हाही सूडच घ्यायचा होता.
ज्ञानदाने ते हसणं चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा लावताना अरुणला म्हणाली, अल्बम इथूनच सुरू होणार. मी विचारलं, म्हणजे हसण्यापासून ना? नो काका, साष्टांग नमस्कारापासून.

२४ ऑक्टोबर, रविवार
खिशातला अटींचा कागद सुलभाला सापडला. तिने परत दिला. मागच्या बाजूला किराण्याची यादी लिहिली होती.
त्र्यंबकचा मेसेज: पुढच्या शनिवारी दहाला दुसरं कडवं रेकॉर्ड करायचंय. कडवं सापडलं, आता तिसऱ्या ओळीला ताल पाहिजे.
मी अजून हो म्हटलेलं नाही. टॅम्बरीन गाडीत ठेवली आहे. साडेनऊला पोहोचणार, गाडीतच बसणार आणि त्यांना दहापर्यंत ताटकळत ठेवणार.