आडवी फांदी

रविवार, संध्याकाळ. कर्जत.

दादा दरीत पडला त्याला वर्ष झालं. आज त्याच वाटेनं, कोंडाणे लेण्यांच्या वर गेलो आणि कपारीत त्याचा कॅमेरा सापडला. दादाचा जिवलग मित्र समीर सारखा म्हणत होता, "तिकडं काय नाय गं, चल खाली." आता कळतंय, का ते.

घरी येऊन कार्ड लावलं. व्हिडिओत वाटाडे हिरूकाका दिसले. ढासळलेल्या वाटेवर त्यांनी हिरवी फांदी आडवी टाकली. "हितून जाऊ नका रं," म्हणाले आणि परत फिरले. ते वळताच समीरनं फांदी उचलून फेकली. "शॉटमध्ये कचरा दिसतो." दादा हसतोय. नुसता हसतोय.

ती फांदी! काकांनी ती टाकलीच नाही, असं तेराव्याला सगळ्यांसमोर हाच समीर म्हणाला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून. आणि मी? काका दारात उभे होते, त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढं त्यांना कुणी वाटाड्या म्हणून नेलंच नाही.

समीरचा फोन वाजतोय. वाजू दे.

उद्या सकाळी काकांकडे जायचंय. त्यांनी पाणी विचारलं, तर कुठल्या तोंडानं पिऊ?