बिनउंबरठ्याचा विहार

प्रिय माय,

काल विहाराची मिटिंग झाली, तेव्हापासून, तू आता नाहीस तरी, तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय. तुझ्या विहाराला उंबरठा बसवायचा म्हणतात! वर लोखंडी जाळी. कारण काय, तर शेळ्या आत येतात नि पावसाचं पाणी शिरतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर तू गावच्या बायांसोबत मुंबईला गेलीस, चैत्यभूमीला. ज्यांनी आपल्याला माणसात आणलं, त्यांच्या अस्थींपुढं डोकं टेकवून आलीस. मी विचारलं, समुद्र पाहिला का? तर म्हणालीस, "समुद्राचं काय घेऊन बसली! आत कसं हाय ते आईक."

आत सगळं गोल, पांढरं. गोल काहून? तर कोणाला कोपऱ्यात बसवता येऊ नये म्हणून! हा अर्थ तुझा तूच लावलास. "आन् उंबरठा त नाहीच व! कवा आत गेली, मलेच समजलं नाही."

खरं सांग माय, त्या रेटारेटीत तुला पायाखालचं दिसलं तरी होतं का?

पण तू हट्टच धरलास. आपल्या गावचा विहारही तसाच हवा. लाखांदूरचा गवंडी वैतागला, "बाई, बिनउंबरठ्याचं दार असते का?" तू म्हणालीस, "आमच्या विहाराले असते." काय तुझा तो ताठा! आजही आठवला की ऊर भरून येतो.

विहार उघडला त्या दिवशी तुझी माय, माझी आजी, दारात आली आणि थबकली. जन्मभर देवळाबाहेरूनच हात जोडलेले तिनं. अडवायला कोणी नव्हतं, तरी पाय उचलेना.

"काहून थांबली व माय? आत ये नं!" तू हात धरून तिला आत नेलंस. ती भिंतीला हात लावत पूर्ण फिरली आणि घाबरून म्हणाली, "कोपरा कुठी हाय व? म्या बसू कुठी?"

"मधात बस," तू म्हणालीस. ती बसली, आणि पदर तोंडाला लावून रडली. किती दिवस मला वाटायचं, म्हातारीला काही दुखतंय.

काल हे सारं मी सांगितलं. तरी कोणीतरी विचारलंच, "अन् शेळ्याइचं काय?"

शेळ्या मी हाकलीन, माय. पाणीही मीच पुसून काढीन. पौर्णिमेला पुन्हा मिटिंगला बसणार आहेत सगळे. मी दारात जाऊन बसते, बघू कोण उंबरठा बसवतो ते! आणि एखादी म्हातारी अजूनही तिथं थबकलीच, तर तिला हात धरून मधात नेऊन बसवीन.

तुझीच हट्टी लेक,
शेवंता