पिवळ्या दिव्याखालचा गोठा

थोरली आळी, वसई
४ जानेवारी १९९९

प्रिय ज्युलियसदादास,

तुझा धाकटा भाऊ सॅन्टन तुला आणि वहिनीला नव्या वर्षाचा नमस्कार करतो. बहारीनच्या थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला थांबला का? (तुझी भावजय क्लेमेंटीन म्हणते, एसी बंद करून झोपा. तिने एसी अजून पाहिलेला नाही, पण सल्ला पक्का आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल. आता खुर्ची ओढून बस आणि ऐक. ढाल आपली झाली! बाबांच्या नावाची ढाल, दादा, आपल्या घरात, टीव्हीच्या डोक्यावर उभी आहे आणि मी येता-जाता तिला पुसतो आहे.

तुला आठवत असेल, बाबा गेल्यावर नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेला आपण त्यांच्या नावाची फिरती ढाल दिली, आणि जी आळी सलग तीन वर्षं जिंकेल तिला ती कायमची, असा नियम केला. (नियम तू केलास. मी फक्त मान डोलावली.) तेव्हा वाटलं होतं, तिन्ही वर्षं आपणच मारू. झालं भलतंच. तळ्याकडच्या आळीने लागोपाठ दोनदा नेली. यंदा ते जिंकले असते, तर बाबांचं नाव कायमचं त्यांच्या म्होरक्या एरॉलच्या हॉलमध्ये, त्याच्या त्या प्लॅस्टिकच्या फुलांशेजारी लटकलं असतं. बांधाच्या भांडणापासून ज्या घराची पायरी बाबा मरेपर्यंत चढले नाहीत, त्याच घरात! मला तर ऑक्टोबरपासून झोप लागत नव्हती.

म्हणून यंदा गोठा आपल्या नाक्यावरच्या क्रूसाशेजारी घातला. तिथे दिवाळीच्या सुमारास सरकारी खांबावर नवा सोडियमचा दिवा लागलाय, काय त्याचा उजेड म्हणून सांगू! सगळी आळी हळद लागल्यासारखी पिवळीधमक दिसते. मूर्ती जुन्याच, पण रंग उडालेला. रंगाची सोय जयरामने केली. (जयराम म्हणजे सातिवलीला रंगाच्या गोदामात आहे तो, माझ्या बरोबरचा. हिंदू असला तरी गोठा म्हटला की आपल्याआधी हजर.) त्याने उरल्यासुरल्या रंगाचे डबे आणले, त्यांवर चिठ्ठी नाही की नाव नाही. आता आपल्याकडे सगळे नोकरीवाले, गोठ्याचं काम करायचं ते संध्याकाळी घरी आल्यावर, त्याच दिव्याखाली. आम्ही डब्यांची झाकणं उघडली, चार जणांनी आत डोकावून पाहिलं आणि एकमताने ठरवलं, हा तपकिरी, हा पांढरा, हा करडा. मग हाणले ब्रश. सेंट जोसेफचा झगा तपकिरी, मेंढरं पांढरीशुभ्र, गाढव करडं. मारियेचा निळा झगा गेल्या वर्षीचाच चांगला होता, म्हणून त्याला हात लावला नाही, आणि बाळ येशू तर आईच्या कपाटातला, बाबांनी आणलेला, त्याच्याजवळ ब्रश घेऊन जायची कोणाची टाप आहे? काम संपल्यावर मी लांब जाऊन पाहिलं आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. असा गोठा अख्ख्या वसईत नसेल.

सकाळी देवळात मिस्साला जाताना पाहिलं तर काय! जोसेफ पोपटासारखा हिरवागार. मेंढरं लिंबासारखी. आणि गाढव निळं, दादा, शाळेच्या गणवेशासारखं निळं! क्लेमेंटीन शाळेत विज्ञान शिकवते (म्हणजे घरीही शिकवते). तिने तिथल्या तिथे तास घेतला. म्हणे त्या दिव्यात जवळजवळ पिवळाच उजेड असतो, निळा-हिरवा नावालाही नसतो, मग जो उजेड पडतच नाही तो वस्तूने परत द्यायचा कुठून? म्हणून निळं काळपट दिसतं, हिरवं तपकिरी दिसतं आणि लिंबू रंग पांढरा होऊन बसतो. मी म्हटलं, बाई, हे काल सांगायचं होतंस. ती म्हणाली, काल मी नाताळच्या फराळाचे फुगे तळत होते, तुम्ही विचारलंत का?

रंग ऑइलचा, वाळायला दोन दिवस, आणि परीक्षक त्याच संध्याकाळी येणार. पण डोकं चाललं माझं. रात्री जे बरोबर दिसतं ते रात्रीच दाखवायचं! लगेच ताडपत्री टाकली आणि उद्घाटन दिवेलागणीनंतर, अशी पाटी लावली. एवढं केलं, पण त्याआधी पाव आणायला निघालेला एरॉल सायकलवरून सगळं बघून गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ताडपत्री ओढली. जोसेफ तपकिरी, मेंढरं पांढरी, सगळं जागच्या जागी. ड्रॉइंगच्या मीराबाई परीक्षक होत्या, त्या मान डोलावत लिहीत होत्या. तेवढ्यात गर्दीतून एरॉल पुढे आला, हातात इमर्जन्सी लाइट, ट्यूबवाला. बाई, जरा जवळून उजेडात बघा, म्हणाला, आणि लावला की! जोसेफ हिरवा, गाढव निळं. पण त्याच क्षणी काळपट दिसणारा मारियेचा झगाही निळाशार झाला, अगदी आभाळ. गर्दीतून असा एक श्वास निघाला म्हणून सांगतो! मग पोरांचा गलका, परत करा, परत करा. एरॉल गोंधळला, त्याने दिवा बंद केला, तर सगळे पुन्हा पहिल्यासारखे. पोरं नाचायलाच लागली.

तेव्हा दादा, माझ्या तोंडून कोण बोललं ते देव जाणे. मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, हाच आमचा देखावा आहे. दिवा बदलला की माणसं बदलतात, जनावरं बदलतात, पण बाळाकडे बघा, तो कुठल्याही उजेडात तसाच. आणि खरंच की, बाळ तसाच होता, पांढरट, हसरा! फादरनी डोळे पुसले. मीराबाईंनी एरॉलला चार वेळा दिवा चालू-बंद करायला लावला आणि त्याने तो केला, बिचारा, दुसरं करतो काय. पहिला नंबर! आळीने मला खांद्यावर घेतलं. बक्षीस घेताना मी एरॉलचे जाहीर आभार मानले, प्रकाशयोजनेबद्दल.

सर्वांना सलाम. वहिनीला विचारलं म्हणून सांग.

तुझा विजयी भाऊ,
सॅन्टन

ता. क. फादरना माझं भाषण इतकं आवडलं की ईस्टरला देवळाची मागची भिंत रंगवायचं काम माझ्यावर आलंय. मी हो म्हणून बसलोय. क्लेमेंटीनने अट घातली आहे, दुपारी बाराला, उन्हात, आणि ती शेजारी उभी असताना.

आणखी ता. क. खरं तर पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. त्या संध्याकाळी आई अगदी पुढे खुर्चीवर बसली होती. लोक ओरडत होते तेव्हा तिने मला हळूच विचारलं, टाळ्या कशाला रे? तिला दोन्ही दिव्यांत सगळं सारखंच पिवळट, धुरकट दिसत होतं. घरी आल्यावर ढालीवरचं बाबांचं नावही तिने बोटांनी चाचपून वाचलं. मला फार वाईट वाटलं, दादा. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन केलं की निळासुद्धा स्वच्छ दिसेल. पण ती माझं ऐकत नाही. तू रविवारी शेजारी फोन कर आणि तिला जरा दरडावून सांग. मी विषय काढला की म्हणते, ज्याला हिरवा आणि तपकिरी ओळखता येत नाही, त्याने माझ्या डोळ्यांबद्दल बोलू नये.