एक्क्याण्णव टक्के

केज,
१२ जुलै २०२५

ती. सिंधूआत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर मी सगळं ठीक म्हणून मोकळी होते, आणि कागदावर मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून पत्रच लिहायचं हा तुमचा नियम अजून पाळते आहे. पोस्टातले काका म्हणतात, केजात आंतरदेशीय पत्र घेणारी मी एकटीच उरले.

तुम्ही विचारलंत की माझी वेबसाईट भविष्य सांगते का. तसं नाही. मागच्या चार वर्षांत कोणत्या कॉलेजात किती गुणांवर प्रवेश थांबला, ते आकडे मी स्वतः भरलेत, प्रत्येक ओळ दोनदा तपासून. मुलं आपले गुण, प्रवर्ग आणि जिल्हा टाकतात. त्यांना जागा मिळण्याची शक्यता टक्क्यांत दिसते. पंच्याण्णवच्या वर आकडा मी कुणालाच दाखवत नाही. आप्पा म्हणतात, लोकांना शंभरच ऐकायचं असतंय, तू कावून पाच टक्के मारतीस. ते पाच मी माझ्या चुकांसाठी राखून ठेवलेत.

काल एका बापाचा फोन आला. पोराचा आकडा थोडा वाढवून द्या म्हणत होता, घरी दाखवायचा होता. मी नाही म्हटलं, आणि दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

डोळ्यांत औषध घालता ना, ते लिहा. माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची,
पंचशीला


आष्टी,
२५ जुलै

चि. पंचशीला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर उजवीकडे झुकलंय. म्हणजे जेवण वेळेवर नाही. आप्पाला सांग, पोरीच्या टक्क्यांपेक्षा ताटाकडे बघ.

आनंदाची गोष्ट पत्रात लिहावी म्हणून फोन केला नाही. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला बजरंग तुला आठवत असेल. तो ऊसतोडीला जातो. त्याची पोरगी स्वप्नाली हुशार निघाली. आईबाप सहा महिने सांगलीकडच्या कारखान्यावर, म्हणून तिनं अकरावी-बारावी तिकडेच वसतिगृहात राहून केली. आता इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. पण सुंदरबाईची, तिच्या आईची, कंबर गेली आहे. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला कुणी नेत नाही. बजरंगनं सांगून टाकलं की पोरीला जागा मिळाली तर तो भावाच्या जोडीनं जाईल. नाही मिळाली तर आईच्या जागी स्वप्नाली. मुकादमाला राखीपौर्णिमेच्या आत नावं हवीत.

मग मी तिला घेऊन तुझी वेबसाईट उघडली. जिल्हा बीड. संभाजीनगरचं कॉलेज, कारण तिथं तिची मावशी आहे. आकडा आला एक्क्याण्णव. बजरंगनं तो कागद छापून घेतला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलाय. चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवतो. स्वप्नालीला फॉर्मात आणखी कॉलेजांची नावं भरायची होती. बजरंग म्हणाला, मावशीचं गाव सोडून कुठं ठेवायची न्हाई. मीही म्हटलं, आमच्या पंचशीलाचा आकडा मुळातच पाच टक्के कमी असतो, एक नाव पुरे. आज फॉर्म बंद केला. मुदत अठ्ठावीसपर्यंत होती, पण शुभ कामाला वाट कशाला पाहायची.

लोभ आहेच. तो जेवून-खाऊन घेण्याच्या कामी लाव.

तुझी,
सिंधूआत्या


केज,
३१ जुलै

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र काल मिळालं. उभ्यानं वाचलं आणि लगेच फोन केला, पण फॉर्मची मुदत संपून दोन दिवस झाले होते. फोनवर मी नुसती रडले, म्हणून आता नीट लिहिते.

प्रवेशाच्या यादीत तुम्ही कुठं राहता याला किंमत नाही. बारावी ज्या भागातून पास झालात, तो तुमचा भाग. तिथल्या कॉलेजांत तुम्हाला जास्त जागा, बाकी ठिकाणी फार थोड्या. माझ्या वेबसाईटनं विचारलं होतं, तुमचा जिल्हा कोणता. स्वप्नालीनं खरं उत्तर दिलं. प्रश्नच चुकीचा होता.

शाळेत घालण्याआधी दोन वर्षं तुम्ही मला चुलीपाशी बसवून चिंचोक्यांवर गणित शिकवलंत. आधी प्रश्न दोनदा वाच, हे तेव्हापासूनचं. मी आकडे दोनदा वाचले. प्रश्न एकदाही वाचला नाही. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं निम्मं वर्ष जिल्ह्याबाहेर असतात, हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

तिची संभाजीनगरची खरी शक्यता सात टक्के होती. जिथं बारावी केली, तिथल्याच कारखान्याच्या रस्त्यावर एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथं शहाऐंशी होती. ते नाव तिनं भरलेलं नाही. आज यादी लागली. तिचं नाव नाही.

दुसऱ्या फेरीचा फॉर्म उघडला की मी आष्टीला येते. तोवर बजरंगभाऊंना मुकादमाकडं जाऊ देऊ नका. माझ्यावरचा राग राखून ठेवा, मी आल्यावर काढा.

तुमची,
पंचशीला


केज,
९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

आष्टीहून निघताना, एसटीत बसवताना तुम्ही विचारलंत की साठ कशाला सांगितलंस. चार दिवस उत्तर शोधते आहे.

बजरंगभाऊंनी खिशातला कागद काढून घडी उलगडली, माझ्यापुढं ठेवला, आणि अजिबात न रागावता विचारलं की ही एक्क्याण्णव होती, तर आता किती. मी कारखान्याजवळच्या कॉलेजचं नाव सांगितलं आणि साठ म्हटलं. दुसऱ्या फेरीला जागा कमी उरतात, तो आकडा खरा होता. ते म्हणाले, एक्क्याण्णवला आली न्हाई, ती साठला काय येती. मग म्हणाले, ताई, तुमच्यावर राग न्हाई, मुकादमाला नाव देऊन बसलोय, चहा घ्या. तुम्ही पाहिलंत, स्वप्नाली दारात कागदपत्रांची फाईल घेऊन उभी होती. तिनं ती आत नेऊन पेटीत ठेवली. पेटीच्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

पंच्याण्णव म्हटलं असतं तर कदाचित ते नाव मागं घ्यायला मुकादमाकडं परत गेले असते. शब्द ओठांवर आला होता. पण ज्या माणसाला एकदा चुकीचा आकडा दिला, त्याला दुसऱ्यांदा जाणूनबुजून कसा देऊ. हे मला बरोबर वाटलं. अजून वाटतं. त्यानं तिचं काही भलं झालं नाही, हेही दिसतं आहे. मला वेळेवर खरंही सांगता आलं नाही आणि वेळेवर खोटंही.

वेबसाईटवरचा प्रश्न बदलला. पहिल्याच पानावर चूक झाली म्हणून लिहिलं. अकरा जणांनी फोन केले. त्यातल्या एकानं विचारलं की यामुळे त्याचा आकडा वाढेल का.

या वेळी माया मागायचा धीर होत नाही.

पंचशीला


आष्टी,
१७ ऑगस्ट

चि. पंचशीला हिस,
आशीर्वाद.

मागायची गरज नसते.

दुसरी यादी मी शेजारच्या पोराकडून बघून घेतली. तू सांगितलेल्या कॉलेजात स्वप्नालीपेक्षा चार गुण कमी असलेल्या मुलीला जागा मिळाली. फॉर्म भरला असता तर तिचं नाव लागलं असतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

एका नावावर फॉर्म बंद करायला मी सांगितलं होतं. छत्तीस वर्षं पोरांना प्रश्न दोनदा वाचायला लावले, आणि माझ्या भाचीचा म्हणून मीही वाचला नाही. तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून हे लिहीत नाही. ते होणार नाही.

जेवत जा.

सिंधूआत्या


जि. सांगली,
२३ नोव्हेंबर

पंचशीलाताईस,
स. न. वि. वि.

सिंधूबाईंकडून तुमचा पत्ता घेतला. फोन मुकादमाचा आहे, त्यावर मोकळं बोलता येत नाही. इकडं सगळे बरे आहेत. आई पाचटाच्या कोपीत भाकरी करते. वडील, म्हणजे दादा, तोडतात, मी मोळ्या बांधते. पहिल्या आठवड्यात हात फुटले होते, आता घट्टे पडलेत. दादा म्हणतात, पोरगी लई चपळ हाय.

तुम्ही सांगितलेलं कॉलेज आमच्या उसाच्या फडातून दिसतं. कालव्याच्या पलीकडं त्याची पाण्याची टाकी आहे. दहा वाजता मुलींची गाडी जाते, ती गेली की आम्ही भाकरी खातो. घड्याळाची गरज पडत नाही.

दादांच्या खिशातला तो कागद मी शर्ट धुताना काढायला विसरले, असं त्यांना सांगितलंय. आता तो उरलेला नाही. तुम्हीही तो सोडून द्या.

रविवारी मुकादमाचा फोन तासभर मिळाला. तुमची वेबसाईट उघडून मी माझे गुण परत टाकले. आता ती आधी विचारते की बारावी कुठून. मी इथलं नाव लिहिलं. संभाजीनगर सात आलं. इथलं पहिल्या फेरीला शहाऐंशी, दुसऱ्या फेरीला साठ. खाली इथला यंदाचा प्रवेश किती गुणांवर थांबला तेही दिलंय, माझ्यापेक्षा चार कमी. बाईंनी शिकवलं होतं म्हणून ते मी दोनदा वाचलं.

कोप्यांवर यंदा बारावीला असलेल्या दोन मुली आहेत. त्यांना तुमचं नाव सांगितलंय. वेबसाईट आता बरोबर सांगते.

शेवटी लोभ असावा असं लिहितात, म्हणून लिहिते. माझा आहे.

आपली,
स्वप्नाली