पाठीवरची रेघ

बाबा,

दादाच्या उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलं आहे. काल एगैलातल्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून आम्हा दोघांना दाखवला आणि तसं स्पष्ट सांगितलं. मला ते शुक्रवारीच कळलं होतं. पण दादासमोर मी गप्प राहिले, कारण पाठीवर ठोकून आतलं ओळखण्याच्या माझ्या हातावर माझा तुमच्यानंतर विश्वास राहिलेला नाही.

आखातातलं युद्ध संपून, पेटलेल्या तेलविहिरी विझून दोन वर्षं झाली होती. कंपनीने तुम्हाला परत बोलावलं होतं आणि आपण पुन्हा अबू हलीफात राहत होतो. शेवटची परीक्षा द्यायच्या आधी मी सुट्टीला अमेरिकेहून घरी आले होते. त्या काळी लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष तपासणीही असायची आणि सरावाला माणूस हवा होता. तुम्ही स्वयंपाकघरात बनियन काढून स्टुलावर बसला आहात. आई पोळ्या लाटते आहे.

“फिजिशियन असिस्टंट म्हणजे कंपाउंडरच ना गं?”

“नाही हो बाबा. डॉक्टरच्या देखरेखीखाली तपासायचं, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं.”

“आणि चुकलं तर ओरडा कुणी खायचा?”

“दोघांनी.”

“मग बरंय.” तुम्ही वळून बघता. “अगं बाई, पाठ आहे ती, तबला नाही.”

“हलू नका हो,” आई म्हणते. “तिची परीक्षा आहे.”

डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर चेपून ठेवायचं, उजव्या बोटाने त्यावर ठोकायचं आणि एकेक बरगडी खाली उतरायचं. फुफ्फुसावर आवाज पोकळ येतो. ते संपलं की बसतो, बद्द येतो. जिथे बसतो तिथे पेनाने रेघ मारायची. तुमच्या उजव्या बाजूची रेघ डावीपेक्षा वर यायची. पुस्तकात लिहिलंच होतं की उजवीकडे खाली यकृत असतं, म्हणून आवाज जरा लवकर बसतो. मी ते तुम्हाला समजावून सांगितलं आणि तुम्ही मान डोलावलीत. रोज संध्याकाळी तुम्ही स्टुलावर बसायचात, आणि काही दिवसांनी नवी रेघ कालच्या पुसट रेघेच्याही वर पडू लागली. मला वाटलं, माझा हात बसतो आहे, आता मला बारीक फरकसुद्धा कळतो. तुम्ही खोकायचात आणि म्हणायचात, “धूर निघतोय अजून आतला.” त्या वर्षी सगळेच असं म्हणत होते.

परीक्षेत तपासायला एक धडधाकट तरुण बसवला होता. त्याच्या उजवीकडची रेघ पार खाली गेली. मी मनाशी म्हटलं, उंच आहे, म्हणून असेल. निरोगी छाती म्हणजे तुमची, हे माझ्या बोटांनी पक्कं धरलं होतं. मी पास झाले. निकाल कळवायला मी घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, “ते झोपलेत गं. जिना चढले की त्यांना दम लागतो.” मग तुमच्या छातीतून पाणी काढलं, ते पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. धुराचा त्याच्याशी संबंध नव्हता. गरम पाइपांवर पांढरं वेष्टन चढवण्याचं काम तुम्ही वर्षानुवर्षं केलंत. ते ॲस्बेस्टॉसचं होतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाच्या अस्तरात जाऊन बसली होती. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नव्हतात.

आता मी जहराच्या पलीकडे एका कंत्राटदाराच्या कॅम्पमधल्या दवाखान्यात आहे. प्रमाणपत्र एकदा मिळालं की संपत नाही, बाबा. दर दोन वर्षांनी शंभर तासांच्या शिक्षणाची नोंद द्यावी लागते, सहा वर्षांनी परत परीक्षा. ते हुकलं तर नोकरी जाते आणि नोकरीबरोबर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही. यंदा परीक्षा आहे. सगळी संगणकावर, चार-पाच पर्यायांतून एक निवडायचा. कुणाच्या पाठीला हात लावावा लागत नाही.

शुक्रवारी दादाकडे जेवायला गेले होते. तुमच्या पाठोपाठ तोही त्याच कामाला लागला, हे तुम्हाला माहीत आहे. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर तो कठड्याला धरून उभा राहिला आणि खालच्या गाड्या बघत असल्यासारखं करू लागला. वर गेल्यावर मी त्याला शर्ट काढायला लावला.

“परीक्षा तुझी आणि कपडे माझे?”

“दादा, बस गप.”

“बाबांसारखा फुकटचा पेशंट मिळाला तुला.”

उजवीकडे अर्ध्या पाठीवरच आवाज बसला. मी पेन घेतलं नाही. शर्ट घाल म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीची एक्स-रेची वेळ घेतली.

काल डॉक्टरांनी त्याला काम विचारलं. तुमचं विचारलं. तुम्ही कशाने गेलात ते विचारलं. मग पेन थांबवून म्हणाले, “घरी त्या कामाच्या कपड्यांची धूळ कोण झटकायचं?”

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. “आई,” तो म्हणाला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि आई कुठे असते, तिला बोलावता येईल का, असं विचारलं. आई नाशिकला आहे. दादा म्हणाला, बघतो.

उद्या सकाळी त्याच्या छातीतून पाणी काढतील. तपासणीचा निष्कर्ष यायला आठवडा लागेल. तो तुमच्यासारखाच आला, तर आईलाही बोलावून तिचा एक्स-रे काढतील, आणि तो बहुधा स्वच्छ निघेल. आई त्या वेळी स्वयंपाकात असायची. शाळेतून आले की गॅलरीत तुमचे कपडे मी झटकायचे, तुम्ही “जोरात झटक गं” म्हणायचात, आणि दादाला ते पक्कं आठवतं. डॉक्टरांसमोर मीही “आई” हेच खरं ठरू दिलं. आईचा एक्स-रे स्वच्छ निघाला, की ते तोच प्रश्न पुन्हा विचारतील.