खारीच्या वाटचे फुटाणे

२८ ऑक्टोबर, मंगळवार
त्रिपुरीसाठी वळलेल्या वाती गेल्या. देवघराखाली टोपलीत होत्या, वर फडकं. फडकं खाली, टोपली अर्धी. दसऱ्यापासून दुपारची झोप सोडून वळत होते. मागच्या दारापासून पेरूच्या झाडापर्यंत कापूस सांडलेला. खारीच. घरट्याला देवाचा कापूस बरा सापडला. मागच्या अंगणात, सांदवाडीतला एक पेरू दात न लागलेला राहिला नाही. सासूबाईंच्या उशीलाही भोक.
हे म्हणाले, "जंगलाले लागून घर बांधलं, आता खारीले काय नोटीस देतं?"
एक मात्र बरं. सासूबाईंची उजवी मूठ आज आणखी सैल. उन्हाळ्यात लकवा झाला तेव्हापासून गच्च मिटलेली, आता दोन बोटं उघडतात. माझे दत्ताचे गुरुवार फळाला येत आहेत. व्यायाम करवून घ्यायला येणारा मुलगा मी बंद केला, त्याची खंत आता नको. बंद केला ते बरंच केलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार
उपास. शेजारच्या प्रमिलाबाईंचा पिंजरा आणला. त्यांनी घुशीसाठी घेतला होता. जाळीचा आहे, आत आकडा. आकड्याचं खाणं ओढलं की दार पडतं.
"देतो बाई, पण जीव घ्याचा नाई हां. आमच्या पंचशीलातलं पहिलंच शील आहे ते."
म्हटलं, "माहा गुरुवार आहे. मी काय जीव घेईन? दूर नेऊन सोडू."
"मंग न्या. आमच्या मास्तरांनी तर एक घूस बल्लारशाच्या ठेसनावर नेऊन सोडली. म्हणे, गाडी पकडंल."
खूप दिवसांनी हसले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
भाकर लावली, मुंग्या आल्या. शेंगदाणा लावला, तर खार पिंजऱ्याच्या वर बसून शेपूट उडवत ओरडत राहिली. जशी काही मलाच आत बोलावते.

१ नोव्हेंबर, शनिवार
पूजा झाली की गूळ-फुटाण्याचा नैवेद्य, त्यातली चिमूट सासूबाईंच्या डाव्या हातात. रोजचा नेम. मग माझा स्वयंपाक, ह्यांचा डबा. सासूबाईंची खाट मागच्या दारातच टाकलेली, उजेड येतो म्हणून. आज झाडताना पाहिलं तर खाटेखाली, उंबऱ्यावर, सगळीकडे फुटाण्याची टरफलं. म्हणजे त्यांच्या हातून सांडतं आणि खारी येऊन टिपतात. देवाचा प्रसाद. मी समजत होते सासूबाई खातात.
मग सुचलं. नैवेद्याच्या वाटीतलेच चार फुटाणे फडक्यात बांधून आकड्याला लावले. गाठ मारताना हात थांबला होता. प्रसाद आहे. पण वातीही देवाच्याच होत्या ना, असं मनाला सांगितलं.
चहा उकळायच्या आत दार पडलं. न घाबरता, न हुंगता, सरळ आत गेली असणार.
ह्यांनी पिंजरा पोत्यात झाकून गाडीवर नेला. खाणीच्या रस्त्याला जंगलात मारुती आहे, तिथं सोडली.

३ नोव्हेंबर, सोमवार
आणखी एक. ही बांडी, शेपूट अर्धी तुटलेली. सगळ्यात धीट हीच होती, घरभर हिंडायची. वाती हिनंच नेल्या असतील. हिलाही ह्यांनी मारुतीजवळच सोडलं.
पिंजरा घेऊन मागच्या दारातून निघाले तर सासूबाई डावा हात खाटेवर आपटू लागल्या. बोलणं गेलंच आहे, चार-पाच शब्द येतात. "का... का..." म्हणत होत्या. मी पिंजऱ्यावर पदर टाकला.
म्हटलं, "उंदीर आहे, आई."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदराखाली ती ओरडत होती. उंदीर असा ओरडत नाही, हे त्यांना कळत नाही का? खोटं काऊन बोलले, मलाच समजलं नाही. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं...

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी
पुन्हा वळल्या, तेवढ्या झाल्या नाहीत. होत्या त्या देवळात लावल्या. सांदवाडी शांत. बाकीच्या एक-दोन होत्या त्याही फिरकत नाहीत. पेरू टिकताहेत. बरं वाटायला पाहिजे होतं.
संध्याकाळी सासूबाईंचं लुगडं बदलताना उजव्या मुठीत सकाळचे फुटाणे. घामानं ओले, गूळ बोटांना चिकटलेला. मी तर डाव्या हातात देते. त्यांनीच तिकडे कोंबले असणार.
"खाल्ले नाई काऊन, आई?"
दाराकडे पाहत राहिल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार
रोज तेच. फुटाणे मुठीत तसेच. जेवणही अर्ध्यावर सोडतात. आज मूठ उघडेच ना. गरम पाण्याचं फडकं ठेवून एकेक बोट सोडवलं. तळव्यात नखं रुतून वळ पडलेले. मागच्या आठवड्यात दोन बोटं आपोआप उघडत होती.
माझं काय चुकलं? गुरुवारी काही वावगं खाल्लं का? आठवून आठवून पाहिलं. पूजा नीट झाली, पोथी नीट वाचली.

१० नोव्हेंबर, सोमवार
प्रमिलाबाई पिंजरा मागायला आल्या. खाटेकडे पाहून म्हणाल्या, "काय आई, शाळा बंद झाली काय?"
मी म्हटलं, "कोणती शाळा?"
"अवो, खारीची. मी रोज पाहो ना भांडे घासता घासता, भिंतीवरून. या डाव्या हातानं फुटाणा उजव्या मुठीत घाले, आन् ते बांडी मांडीवर चढून बोटाच्या फटीतून ओढे. नाई निंघाला का अशी चिडे! मंग आई हासे, न् बोट सोडे. तुमच्या त्या व्यायामवाल्या पोट्ट्यापक्षा मास्तरीन बरी होती." मग माझ्याकडे वळून, "तुमाले नाई माहीत?"
"माहीत आहे," म्हटलं.
हे दुसरं खोटं. पिंजरा आणखी थोडे दिवस राहू द्या म्हटलं.
पहिलं बोट उघडलं त्या दिवशी मी पोथीत फूल ठेवलं होतं, खूण म्हणून. नारळ फोडला. चौघींना सांगितलं, माझ्या गुरुवारांनी उघडलं. आज पोथी काढली तर ते फूल तिथंच, वाळलेलं. काढून टाकता येईना, ठेवताही येईना.
नैवेद्य दाखवून मी स्वयंपाकघरात जायची. मागे वळून एकदा पाहिलं असतं तर दिसलं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
फुटाणे दिले आणि आज तिथंच खाली बसले. त्यांनी उजव्या मुठीत घातले, दाराकडे तोंड करून बसल्या. मी हळूच दोन बोटांच्या फटीत नख घातलं, खारीसारखं. फुटाणा ओढू लागले.
त्यांनी डाव्या हातानं माझा हात लोटला.
"तू नाई."
हे शब्द त्यांच्या चार-पाचात नव्हते. लकव्यानंतर मला काही नवीन बोलल्या ते हे.
ह्यांना सगळं सांगितलं.  हे म्हणाले, "लोकं मायसाठी डाक्टर शोधतेत, आपण खार शोधू. रैवारी जाऊ."
रागावले असते तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
गाडीवर मागे बसून गेले, मांडीवर पिंजरा. हे म्हणतात, "कोणी वळखीचं दिसलं तर तोंड झाक. म्हणतीन, याची बायको खारी चोरते."
मारुतीजवळ पिंजरा लावला, घरचेच फुटाणे. पुजारी येऊन पाहून गेला, पुन्हा आला.
"सोडायले आले का?"
हे म्हणाले, "न्यायले."
तो हसायलाच लागला. "सोडणारे लय येतेत, भाऊ. मांजरी आणतेत, कुत्र्याचे पिल्लं आणतेत, एकानं कोंबडा आणला. वापस न्यायले तुमीच पयले." मग म्हणाला, "चार वाजता निंघा पण. वाघ त्या नाल्यावर पाणी प्याले येते."
मी विचारलं, बांड्या शेपटीची खार दिसली का कधी इथं. म्हणाला, "बाई, मी खारीच्या शेपट्या पाहू का मारुतीची?"
मी पाराभोवती फिरून फिरून पाहिलं. प्रत्येक झाडावर आधीच कोणी ना कोणी खार होती, एकमेकींना हाकलत होत्या. नव्या खारीला कोण जागा देणार. वर शिकरा घिरट्या घालत होता. माझी तर पेरूवर, देवघरात, खाटेवर वाढलेली. दूर सोडलं म्हणजे जीव घेतला नाही, असं मी समजले होते.
निघायच्या वेळी दार पडलं. धावत गेले. शेपूट पूर्ण. दुसरीच.
हे म्हणाले, "घे. खार ते खार. मायले काय समजते?"
पिंजरा उचलला. आत ती जाळीवर आपटत होती, नाकाला रक्त आलेलं. फुटाणे तसेच. माझ्याकडच्या दोघी अशा आपटल्या होत्या का? मी तर पदर टाकला होता, पाहिलंच नव्हतं.
दार उघडलं. गेली.
 परत येताना पिंजरा रिकामा, तरी मांडीवर जड वाटला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पिंजरा घासून पुसून देऊन आले. प्रमिलाबाईंना खरं सांगितलं, मीच पकडल्या, माहीत आहे म्हटलं तेही खोटं. त्या भांडी घासत होत्या, घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मले काऊन सांगता, बाई? माहं काय नेलं तुमी? ज्यांचं नेलं त्याईले सांगा."

२० नोव्हेंबर, गुरुवार
उपास. पूजेआधी सांगायचं होतं, झालं नाही. नैवेद्यानंतर खाटेजवळ खाली बसले. त्यांना किती समजतं माहीत नाही म्हणून हळूहळू सांगितलं. आई, तो उंदीर नव्हता. बांडी होती. मीच धरली, तुमच्याच फुटाण्यांनी. जंगलात सोडली. आणायला गेले होते, सापडली नाही.
ऐकत होत्या. मग भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर तसंच. ताट तसंच परत आलं. फुटाणे आज मुठीतही घेतले नाहीत, खाटेवर पडलेले.
सासूनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. लकवा व्हायच्या आधी देत होत्याच.
मलाही उपास सोडावासा वाटला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मार्गशीर्ष लागला. नैवेद्य दाखवला. फुटाणे द्यावे का नाही, देवघरातच थोडा वेळ उभी राहिले. मग नेले.
त्यांनी डाव्या हातानं घेतले. एक उचलला, उजव्या मुठीत घातला, नीट आतवर दाबला. दाराकडे पाहिलं. बराच वेळ. पेरूचं झाड रिकामं. मी उठायला लागले.
तर त्यांनी ती मूठ माझ्यासमोर धरली. डाव्या हातानं खालून उचलून.
"काढ."
मी बसले. नखं जास्त वाढलेली नाहीत, तरी भीती वाटत होती खुपतील म्हणून. करंगळीच्या फटीतून हळूहळू ओढायला लागले. निघेना. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, हाताकडे नाही. हसल्या नाहीत. हात मात्र मागे घेतला नाही.
ह्यांनी आतून हाक मारली, डबा झाला का. ओ दिली नाही.
शेवटी फुटाणा निघाला. बोट त्यांनी सोडलं का मीच जास्त ओढलं, समजलं नाही.